म्हाडाची लॉटरी, पीएम आवास आणि घरकुल: सारखे सारखे येणारे प्रश्न

मला तिसऱ्यांदा फॉर्म भरल्यावर म्हाडाची लॉटरी लागली आणि तेव्हापासून नातेवाईक, ऑफिसातले, सोसायटीच्या वॉचमनचा मेव्हणा, सगळे मलाच विचारतात. तेच तेच प्रश्न असतात म्हणून एकदाचं सगळं इथे लिहून ठेवतोय. मी काही म्हाडात कामाला नाही, वकील पण नाही, फक्त फॉर्म भरून भरून शिकलेला माणूस आहे. निम्मा गोंधळ एकाच गोष्टीने होतो, म्हाडा आणि पीएम आवास हे लोकांना एकच वाटतं. ते एक नाहीये, आणि खाली बऱ्याच उत्तरात मी पुन्हा पुन्हा तिथेच येणार आहे.

१. म्हाडा, सिडको, पीएम आवास, घरकुल, एसआरए... यात फरक काय? सगळी सरकारीच घरं ना?

सगळी सरकारी, पण दुकानं वेगळी. म्हाडा म्हणजे राज्याचं गृहनिर्माण प्राधिकरण, मुंबई, कोकण, पुणे, नाशिक, नागपूर, छत्रपती संभाजीनगर, अमरावती अशी त्याची विभागीय मंडळं आहेत, ती घरं बांधतात किंवा बिल्डरकडून मिळालेली घरं लॉटरीने विकतात. ठाणे, कल्याण, विरार हे सगळं कोकण मंडळात येतं, मुंबई मंडळात नाही, हे अर्ध्या लोकांना माहीतच नसतं आणि मग ते जाहिरात बघायची राहून जाते. सिडको नवी मुंबईचं. त्यांची लॉटरी वेगळी, वेबसाइट वेगळी.

पीएम आवास ही केंद्राची योजना, ती घर विकत नाही, पैशाची मदत देते. शहरात एक प्रकार, गावात दुसरा. गावातल्याला आपण घरकुल म्हणतो. एसआरए म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन, ते फक्त झोपडपट्टीतल्यांसाठी, त्याचं प्रश्न १३ मध्ये बघा.

२. माझं उत्पन्न कुठल्या गटात बसतं?

म्हाडाचे आकडे असे. मुंबई आणि पुणे महानगर प्रदेश आणि दहा लाखांवर लोकसंख्या असलेली शहरं इथे वर्षाला ६ लाखांपर्यंत अत्यल्प गट, ६ ते ९ लाख अल्प, ९ ते १२ लाख मध्यम, त्याच्या वर उच्च. बाकी महाराष्ट्रात ४.५ लाखांपर्यंत अत्यल्प, ४.५ ते ७.५ अल्प, ७.५ ते १२ मध्यम. हे २०२२ साली बदललंय, त्यामुळे कुणी जुना तक्ता फॉरवर्ड केला तर सरळ डिलीट करा.

३. उत्पन्न कुणाकुणाचं धरतात? वडिलांची पेन्शन पण मोजायची का?

नाही. नवरा आणि बायको, दोघांचंच. लग्न झालेलं नसेल तर फक्त तुमचं एकट्याचं. आईवडील सोबत राहतात, भाऊ कमावतो, ते काही धरायचं नाही. पण बायको शिवणकाम करते किंवा ट्यूशन घेते आणि तिचा रिटर्न भरलेला असेल तर तो लपवू नका, पॅन कार्ड दोघांचं लागतं आणि ते सगळं दिसतं. पुरावा म्हणून आयटी रिटर्न नाहीतर तहसीलदाराचा उत्पन्नाचा दाखला. वर्ष कुठलं ते जाहिरातीत दिलेलं असतं, मागच्याच्या मागच्या वर्षाचा दाखला जोडून बाद झालेले मी बघितलेत.

४. माझ्या नावावर गावाला घर आहे. मला फॉर्म भरता येईल का?

हा नंबर एकचा प्रश्न, रोज येतो म्हटलं तरी चालेल.

म्हाडाच्या नेहमीच्या घरांसाठी असं बघतात की ज्या महापालिकेच्या हद्दीत लॉटरीतलं घर आहे त्या हद्दीत तुमच्या, नवरा किंवा बायकोच्या, किंवा अज्ञान (१८ वर्षांखालच्या) मुलांच्या नावावर मालकीचं घर नको. म्हणजे साताऱ्याला वाडवडिलांचं घर आहे आणि तुम्ही मुंबईच्या लॉटरीत भाग घेताय तर चालतं. पण त्याच जाहिरातीत काही घरं पीएम आवास योजनेच्या मदतीने बांधलेली असतात, योजनेच्या नावात तसं स्पष्ट लिहिलेलं असतं, त्यांना नियम केंद्राचा लागतो, आणि तो म्हणजे भारतात कुठेही पक्कं घर नको. कुठेही म्हणजे कुठेही, साताऱ्याचं पण धरतात. एकाच वेबसाइटवर, एकाच फॉर्ममध्ये दोन नियम चालतात आणि लोक स्वस्त दिसलं म्हणून पीएम आवासचा कोड (जाहिरातीतला योजनेचा नंबर) टाकून मोकळे होतात.

गावचं घर वडिलांच्या नावावर असेल तर ते तुमचं नाही, सुटलात. पण वडील गेल्यावर वारसनोंद होऊन तुमचं नाव चढलं असेल तर आधी उतारा काढून बघा, "मी तिथे राहतच नाही" हे उत्तर चालत नाही.

५. कागदपत्रं कुठली लागतात आणि आधी काय करून ठेवायचं?

२०२३ पासून पद्धत बदलली. आधी नंबर लागल्यावर कागदपत्रं तपासायचे, त्यात वर्ष वर्ष जायचं. आता आधीच ऑनलाइन अपलोड करायची आणि पात्र ठरलात तरच सोडतीत नाव जातं. आधार, पॅन, लग्न झालं असेल तर जोडीदाराचं पण, डोमिसाइल म्हणजे अधिवास प्रमाणपत्र, आणि उत्पन्नाचा पुरावा.

डोमिसाइलवर सगळे अडकतात. शाळेत असताना काढलेलं, पिवळं पडलेलं, लॅमिनेट केलेलं चालत नाही. २०१८ नंतरचं, बारकोड असलेलं पाहिजे. आपले सरकार पोर्टलवरून किंवा सेतू केंद्रातून मिळतं पण जाहिरात आली की तिथे गर्दी होते, म्हणून आजच काढून ठेवा. आरक्षित गटातून भरणार असाल तर जातीचा दाखलाच नाही तर जात वैधता प्रमाणपत्र पण, आणि त्याला किती वेळ लागतो ते ज्याने काढलंय त्यालाच माहीत. घटस्फोट झालेला असेल तर कोर्टाचा आदेश लागतो, नुसतं वेगळं राहतोय सांगून भागत नाही.

६. ओबीसींना आरक्षण किती टक्के आहे?

नाहीये. बरेच जण हे ऐकून चिडतात पण म्हाडाच्या यादीत अनुसूचित जाती ११ टक्के, अनुसूचित जमाती ६, भटक्या जमाती आणि विमुक्त जमाती दीड दीड टक्के, मग पत्रकार, स्वातंत्र्यसैनिक, दिव्यांग, माजी सैनिक, कलाकार, सरकारी कर्मचारी असे गट आहेत. आमदार-खासदारांना पण २ टक्के. अत्यल्प गटात आमदाराला कोटा कशाला ते मला आजपर्यंत कळलेलं नाही. ओबीसी असाल तर सर्वसाधारण गटातून भरा.

७. फॉर्मला खर्च किती? दहा फॉर्म भरले तर चान्स वाढतो का?

अर्जाचे जीएसटी धरून ५९० रुपये, ते परत येत नाहीत. शिवाय अनामत रक्कम, ती नंबर लागला नाही तर परत येते. मुंबईच्या २०२३ च्या सोडतीत अत्यल्प गटाला २५ हजार आणि अल्प गटाला ५० हजार अनामत होती. आता महिन्याला पंधरा-वीस हजार कमावणारा माणूस २५ हजार आणणार कुठून? व्याजाने आणतो. हे कुणी बोलत नाही, पण "गरिबांची लॉटरी" इथेच अर्धी गाळली जाते.

वेगवेगळ्या योजनांच्या कोडसाठी वेगवेगळे फॉर्म भरता येतात, प्रत्येकाला वेगळी अनामत. चान्स थोडा वाढतो, पैसे पण तेवढे अडकतात. अंदाज यावा म्हणून सांगतो, ऑक्टोबर २०२४ च्या मुंबईच्या सोडतीत २०३० घरं होती आणि अर्ज १ लाख १३ हजारांवर गेले. एका घरामागे पन्नासच्या वर. त्यातही सगळे गर्दी करतात ते ठरावीक दोन-चार ठिकाणी, म्हणून मी नेहमी सांगतो की कोड निवडताना नुसतं नाव बघू नका, किती घरं आहेत ते बघा.

८. माझा पगार १८ हजार आहे, अत्यल्प गटात बसतो. लॉटरी लागली तर घर परवडेल ना?

इथे जरा थांबून हिशोब करा. गटात बसणं वेगळं आणि परवडणं वेगळं.

समजा घर ३० लाखांचं आहे. बँक साधारण ८० टक्के देईल असं धरू, म्हणजे २४ लाख कर्ज आणि ६ लाख खिशातून. साडेआठ टक्क्याने वीस वर्षांसाठी लाखाला साधारण ८६८ रुपये हप्ता पडतो, २४ लाखांना झाला २० हजार ८०० च्या पुढे. पगार १८ हजार. बँक पगाराच्या निम्म्यापेक्षा जास्त हप्ता सहसा धरतच नाही, म्हणजे १८ हजारवाल्याला दहा लाखांच्या आसपास कर्ज मिळेल, वरचे वीस लाख कुठून आणणार? उत्पन्नाची मर्यादा ६ लाख केली त्याने महिना ५० हजारवाला पण अत्यल्प गटात आला, आणि घर घेऊ शकतो तो तोच. खरा १८ हजारवाला लागलेलं घर परत करतो. माझ्या ओळखीत दोघांनी केलंय.

वर मुद्रांक शुल्क, नोंदणी, सोसायटीचा आगाऊ मेंटेनन्स हे वेगळं. जाहिरातीतल्या किमतीत ते नसतं. मुद्रांक शुल्कात बाईच्या नावावर घर असेल तर एक टक्का सूट आहे, ३० लाखांवर ३० हजार वाचतात.

म्हणून कमी पगार असेल तर मुंबईच्या मागे न लागता कोकण किंवा पुणे मंडळातली पीएम आवासची घरं आधी बघा. फक्त प्रश्न ४ वाचून.

९. अत्यल्प गटाचा माणूस अल्प किंवा मध्यम गटाच्या घराला भरू शकतो का?

हो, खालच्या गटातून वरच्या गटाला भरता येतं. वरून खाली येता येत नाही. कर्जाचं कसं ते मात्र वरच्या उत्तरासारखंच, बँकेला तुमचा गट माहीत नसतो, पगाराची स्लिप माहीत असते.

१०. लॉटरी लागली! आता पुढे काय आणि किती दिवसात पैसे भरायचे?

अभिनंदन, आणि पेढे वाटायच्या आधी बँकेत जा. आधी स्वीकृती कळवायची, मग तात्पुरतं देकार पत्र (ऑफर लेटर) येतं. त्यात मुदती लिहिलेल्या असतात, २०२३ पासूनच्या सोडतीत साधारण ४५ दिवसात २५ टक्के आणि त्यानंतर ६० दिवसात उरलेले ७५ टक्के असं असतं. उशीर झाला तर व्याज लागतं. कर्ज घ्यायचं तर म्हाडाचं ना हरकत पत्र लागतं, ते मागून घ्यायचं, आपोआप येत नाही.

माझ्या वेळेला एका बँकेने तीन आठवडे फाइल दाबून ठेवली आणि शेवटी सांगितलं की या योजनेला आम्ही कर्जच देत नाही. तेच पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर काय बिघडलं असतं? म्हणून दोन बँकांत एकदम विचारा, आणि सिबिल स्कोर फॉर्म भरायच्या आधीच तपासा, नंतर नाही. मोबाइलच्या हप्त्याचा एक चेक बाउन्स झालेला असतो आणि तो अशा वेळी बाहेर येतो.

नको असेल तर घर परत करता येतं, पण अनामतीचं काय होतं ते त्या त्या सोडतीच्या माहिती पुस्तिकेत असतं, नकार द्यायच्या आधी ते पान वाचा.

११. लॉटरीशिवाय म्हाडाचं घर मिळतं का? एक जण सांगतोय "आतून" करून देतो.

आतून काही होत नाही. सोडत कॉम्प्युटरवर होते, सगळ्यांसमोर. माझ्या चुलतभावाने असे दीड लाख एकाला दिले, आज तो माणूस फोन उचलत नाही, आणि पावती मागितली होती का तर नाही, कारण "अशा कामाची पावती नसते". म्हाडाने एजंट नेमलेले नाहीत.

सरळ मार्ग मात्र एक आहे. न विकलेली घरं "प्रथम येणाऱ्यास प्रथम प्राधान्य" अशी विकायला काढतात. विरार-बोळींजची हजारो घरं वर्षानुवर्षं पडून होती, पाण्याचा प्रश्न होता, स्टेशनपासून लांब, लोक घेत नव्हते, ती अशीच विकायला काढली. घ्यायच्या आधी एकदा संध्याकाळी जाऊन या आणि खाली राहणाऱ्या कुणालाही विचारा, पाणी किती वाजता येतं. जाहिरातीत ते नसतं.

१२. २० टक्के योजना म्हणजे काय? प्रायव्हेट बिल्डरचं घर म्हाडाच्या भावात?

बरोबर ऐकलंय. दहा लाखांवर लोकसंख्या असलेल्या महापालिकांत ४ हजार चौरस मीटर किंवा त्याहून मोठ्या प्लॉटवर बिल्डरने प्रकल्प केला तर २० टक्के घरं अत्यल्प आणि अल्प गटासाठी ठेवायची, त्यांची लॉटरी म्हाडा काढतं. ठाणे, कल्याण, पुणे, नाशिक इथे अशी घरं निघतात. मला लागलं ते यातलंच. मोक्याची जागा आणि भाव बाजारापेक्षा बराच खाली, म्हणून गर्दी पण इथेच.

कुरबुरी असतात. बांधकाम चालू असेल तर ताबा बिल्डरच्या मर्जीने, आणि काही ठिकाणी आपली बिल्डिंग वेगळी, गेट वेगळं, स्विमिंग पूल लांबून बघायचा. बिल्डर पार्किंगचे किंवा "डेव्हलपमेंट चार्जेस"चे जास्तीचे पैसे मागतो तेव्हा तोंडी काही कबूल करू नका, लेखी मागा आणि ते घेऊन मंडळाच्या ऑफिसला जा. मी गेलो होतो, दोन चकरा झाल्या, पण मागणी खाली आली.

१३. आम्ही झोपडपट्टीत राहतो. लॉटरी भरावी का एसआरएची वाट बघावी?

एसआरएमध्ये १ जानेवारी २००० च्या आधीची झोपडी असेल तर घर फुकट, ३०० चौरस फुटांचं. २००० ते १ जानेवारी २०११ मधली असेल तर अडीच लाख भरून मिळतं. त्यानंतरची असेल तर त्या रांगेत तुम्ही नाही, लॉटरीच बघा. परिशिष्ट-२ मध्ये, म्हणजे झोपडीधारकांच्या पात्रतेच्या यादीत, आपलं नाव पात्र आहे का ते आधी तपासा. बाकी "वाट बघणं" किती वर्षांचं ते तुमच्या बिल्डरवर आहे, आणि त्याच्याबद्दल मी काय बोलणार.

१४. होम लोनवर अडीच लाखांची सबसिडी मिळते ना?

ती जुनी. २ लाख ६७ हजारांपर्यंतची व्याज सबसिडी ३१ मार्च २०२२ ला बंद झाली, तरी अजून बिल्डरच्या बोर्डवर दिसते.

आता पीएम आवास शहरी २.० आहे, १ सप्टेंबर २०२४ पासून. त्यात वर्षाला ९ लाखांपर्यंत उत्पन्न, घराची किंमत ३५ लाखांपर्यंत, कर्ज २५ लाखांपर्यंत असेल तर पहिल्या ८ लाखांवर ४ टक्के व्याज अनुदान, जास्तीत जास्त १ लाख ८० हजार, तेही पाच वर्षांत पाच हप्त्यांत. कर्ज मधेच फेडून टाकलं किंवा मुद्दल निम्म्याच्या खाली आली तर पुढचे हप्ते थांबतात. म्हणजे बोनस आला म्हणून घाईने पार्ट पेमेंट करणाऱ्यांनी आधी हे बघावं. पक्कं घर भारतात कुठेही नको हे आहेच, शिवाय मागच्या २० वर्षांत कुठल्याही सरकारी घर योजनेचा लाभ घेतलेला नको.

आणि एक गंमत बघा, या योजनेत अत्यल्प म्हणजे ३ लाखांपर्यंत, अल्प ६ पर्यंत, मध्यम ९ पर्यंत. प्रश्न २ चे आकडे इथे लावू नका. साडेपाच लाखवाला म्हाडाच्या मुंबई लॉटरीत अत्यल्प आणि या सबसिडीच्या फॉर्ममध्ये अल्प, माणूस तोच. त्यात मुंबई महानगरातल्या पीएम आवासच्या लॉटरीच्या घरांसाठी २०२३ मध्ये ३ ची मर्यादा ६ लाख केली, म्हणजे तिसरा हिशोब. दर वेळी त्याच जाहिरातीतला आकडा बघायचा, बस.

१५. शहरात स्वतःची जागा आहे, पत्र्याचं घर आहे. बांधायला पैसे मिळतात का?

मिळतात, याच २.० मध्ये. केंद्राचे दीड लाख आणि राज्याचे एक लाख, अडीच लाख, बांधकाम पुढे सरकेल तसे हप्त्यात. जागेचा कागद तुमच्या नावावर पाहिजे, त्यावरच बहुतेक लोक अडतात. अर्ज नगरपालिका किंवा महापालिकेत.

१६. गावाला घरकुल मंजूर झालंय, एकूण हातात किती येतात?

मूळ १ लाख २० हजार, डोंगराळ भागात १ लाख ३० हजार. त्यात रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, २०२५-२६ च्या ३१२ रुपये रोजाने साधारण २८ हजार, आणि शौचालयाचे १२ हजार. २०२५ मध्ये राज्याने ५० हजार वाढवले, ३५ बांधकामाला आणि १५ छतावरच्या सोलरसाठी. सगळं धरून २ लाख १० हजार होतात. पाच ब्रास वाळू मोफत असं पण धोरण आलंय, फक्त वाहतूक आपली, आणि वाळूपेक्षा ट्रॅक्टरवालाच जास्त घेतो.

किमान २५ चौरस मीटर बांधायचं असतं, म्हणजे २७० फूट. फुटाला दीड हजार धरला तरी चार लाख. उरलेले दोन लाख घरचेच जातात हे धरूनच पाया खणा. अर्धवट भिंती ठेवून पुढचा हप्ता येत नाही, जिओटॅग फोटो (ठिकाणाची नोंद असलेला) झाल्याशिवाय पैसे सुटत नाहीत, आणि फोटो काढायला येणाऱ्या माणसाचा नंबर स्वतःकडे ठेवा.

१७. ड यादीत (घरकुलाच्या प्रतीक्षा यादीत) नाव नाही. आता घरकुल मिळणारच नाही का? घरी मोटरसायकल आहे म्हणून कापलं म्हणतात.

मोटरसायकल, फ्रिज असला तर बाद हा नियम २०२४ मध्ये काढला. महिन्याचं उत्पन्न १५ हजारांपर्यंत चालतं. अडीच एकरापेक्षा जास्त बागायत किंवा पाच एकरापेक्षा जास्त जिरायत असेल तर मात्र अजून बाद. ड यादी २०१८ च्या सर्वेक्षणातली, त्यानंतर आवास प्लसचं नवीन सर्वेक्षण झालं, त्यात नाव आहे का ते ग्रामपंचायतीत बघा आणि ग्रामसभेत यादी वाचतात तेव्हा हजर राहा. नाव कुणाचं आणि त्याचं घर कसलं ते सगळ्या गावाला माहीत असतं, पण बोलायला त्या दिवशी कुणी नसतं.

अनुसूचित जाती आणि नवबौद्धांसाठी रमाई, आदिवासींसाठी शबरी, ओबीसींसाठी मोदी आवास, भटक्या-विमुक्तांसाठी यशवंतराव चव्हाण मुक्त वसाहत अशा राज्याच्या वेगळ्या योजना आहेत. जागाच नसेल तर दीनदयाळ उपाध्याय योजनेतून जागा घ्यायला मदत मिळते, ५० हजार होती ती एक लाखापर्यंत केली.

१८. म्हाडाचं घर भाड्याने देता येतं का, विकता येतं का?

पाच वर्षं विकता येत नाही. कुणी म्हणेल कुलमुखत्यारपत्र करू, पैसे आता देतो, नाव नंतर चढवू. घेणाऱ्याला सांगतो, पैसे जातील. विकणाऱ्याला सांगतो, घर जाईल. भाड्याने द्यायचं तर म्हाडाची लेखी परवानगी घेऊन.

१९. नंबर लागला नाही. अनामत कधी परत येते?

ज्या खात्याची माहिती फॉर्ममध्ये दिली त्याच खात्यात येते, काही दिवसात, न मागता. अडकते ती खातं बंद केलेल्यांची, आणि मित्राच्या खात्यावरून भरलेल्यांची. एका ताईंनी भाच्याच्या खात्यावरून पैसे भरले, परत आले तेव्हा भाचा गोव्याला होता. स्वतःचं खातं वापरा.